चौथा गडी

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी चौघे उभे होते. चाळिशी ओलांडलेले, बहुधा शाळेपासूनचे दोस्त. गुलमर्गहून स्कीइंग करून नुकतेच परतलेत हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिघांचे चेहरे रापून काळे पडले होते आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा उजळ पट्टा राहिला होता. कोण कुठे पडला, कोण कुणावर आदळला याचं हातवारे करून वर्णन चाललं होतं. चौथ्याचा रंग मात्र नेहमीचाच. भेळवाल्याने कांदा चिरता चिरता सहज विचारलं, "आनि पाव्हणं, तुमी गेला न्हवता व्हय?" उत्तर शेजारच्याने दिलं, "आलता की! बसूनच हुता सगळं दिवस." तिघे हसले. तोही हसला आणि पुडीतले चुरमुरे वरखाली करत राहिला.

हे 'बसूनच हुता' काही केल्या डोक्यातून जाईना.

आपल्याकडच्या दोस्तांच्या सहलीला एकच वेग असतो. गोव्याला जा नाहीतर मालवणला जा, गाडी एक, गाणी एक, जेवणाची ऑर्डर एक. करूळ घाटात एकाला मळमळलं की सगळे उतरतात, चहा होतो, मग सगळे पुढे निघतात. कुणी मागे पडत नाही, कारण पडायला जागाच नसते. बर्फावर हे गणित मोडतं. स्कीच्या लांब फळीवर बूट अडकवणाऱ्या बाइंडिंगमध्ये बूट बसल्याचा खट्ट आवाज झाला की पुढचा उतार ज्याचा त्याने उतरायचा. जिवलग मित्र दहा फुटांवर उभा असला तरी तुमचं वजन तुमच्या उजव्या पायावर तो टाकू शकत नाही. चौघांतल्या दोघांना पहिल्या दोन-तीन तासांत थांबता येऊ लागतं, एकाला संध्याकाळ होते, एकाला दुसरा दिवस उजाडतो. कोण कुठे बसेल याचा अंदाज घरून बांधता येत नाही. रोज रंकाळ्याला फेऱ्या मारणारा अडून बसतो आणि ज्याच्या पोटाची सगळे चेष्टा करतात तो मजेत वळणं घेत खाली येतो. एवढा फरक पडणारच, हे निघतानाच धरून चालणारे गट फार कमी. आणि बसून राहिलेल्याची कारणं शोधायला गेलं तर ती भित्रेपणात क्वचित सापडतात. बहुतेकदा ती पायात सापडतात.

पायात म्हणजे अगदी बुटात. भाड्याच्या दुकानात सकाळी झुंबड असते, बाहेर इन्स्ट्रक्टर घाई करतो, आणि 'आठ नंबर' म्हटलं की आठच्या आसपासचा कुठलातरी जोड पुढ्यात येतो. स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पावलाच्या लांबीचं. घरीच भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहावं, सगळ्यात लांब बोटापाशी रेघ मारावी, दोन्ही पावलं मोजावीत आणि मोठा आकडा लिहून न्यावा. दुकानात आतलं मऊ लायनर काढून नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती फट राहते ते पाहायचं. दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं कशीबशी जातील एवढी हवी. तीन बोटं सहज गेली तर बूट मोठा. नवख्याला नेमका तोच आवडतो, कारण दुकानातल्या सतरंजीवर तो आरामाचा वाटतो. उतारावर मात्र पाय आतल्या आत फिरतो आणि स्की जिथे होती तिथेच राहते. मग पाय आधार शोधायला बोटं आत आवळून धरतो आणि थोड्याच वेळात तळव्याला गोळे येतात. लायनरसकट घातलेला बरोबर मापाचा बूट असा ओळखायचा: सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे हलका टेकतो, गुडघे पुढे वाकवले की सुटतो, आणि टाच जागची हलत नाही.

घालण्याचीही रीत आहे. बकलं सगळी उघडायची, जीभ पुढे ओढायची, पाय घालून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची म्हणजे ती मागच्या खळग्यात बसते. आधी घोट्याजवळचं बकल, मग वरचं, आणि पंजावरची दोन फक्त अडकवण्यापुरती. पंजावरची बकलं आवळली की रक्त अडतं आणि थंडी लागायच्या आधीच बोटं बधिर होतात. आपल्या भागातल्या पायांना हा त्रास जरा जास्तच. वर्षानुवर्षं चपलेत मोकळी पसरलेली बोटं, पंजा रुंद आणि टाच त्या मानाने अरुंद. अशा पायाने लांबी वाढवून मागू नये, रुंद पंजाचा बूट मागावा. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक. आई-बायकोच्या आग्रहाने चढवलेला दुसरा मोजा घाम धरतो, सुरकुततो आणि ती सुरकुती नडगीवर दिवसभर रुतते. थर्मलची पोटरीवरची कडसुद्धा बुटाच्या आत जाता कामा नये. नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये मोज्याशिवाय काही नको, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडताना बूट किती जोर लागल्यावर सुटावा हे तो ठरवतो. दुकानदार तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला कितपत येतं यावरून लावतो. नवख्या मोठ्या माणसाला तो साधारण ४ ते ६ च्या दरम्यान येतो आणि पन्नाशीनंतर आणखी खाली धरतात. दोस्तांसमोर 'येतं की थोडंफार' असं सांगितलं की आकडा विनाकारण वर जातो. पडल्यावर स्की सुटत नाही, आणि लांब स्की पायाला पीळ देते तो गुडघ्यातल्या लिगामेंटवर येतो. वजनही चोरू नये, तसं केलं तर बूट नको तिथे सुटतो. अडकवताना बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ पोलने, म्हणजे हातातल्या काठीने, खरवडून काढायचा, पुढचं टोक आधी घालायचं, मग टाच दाबायची. तळव्याखाली बर्फाचा थर राहिला तर खट्ट आवाज येऊनही पकड नीट बसत नाही.

उभं कसं राहायचं हे कोल्हापूरकराला खरं तर नव्याने शिकवायला नको. तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी जो पवित्रा घ्यायला लावतो तोच इथे लागतो: गुडघे मोडलेले, कंबर किंचित पुढे, हात समोर दिसतील असे, नजर खाली पायाकडे न जाता पुढे. वस्ताद छातीवर थाप मारून बघतो, टाचेवर उभा असलेला मागे कोलमडतो. उतारही हीच परीक्षा घेतो, फक्त न थांबता. फरक असेल तर एवढा की कुस्तीत भार पंजावर असतो, इथे तो अख्ख्या तळव्यावर ठेवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची असते. भीती वाटली की शरीर आपसूक मागे झुकतं, डोंगराकडे. जमिनीवर हा शहाणपणा आहे. स्कीवर मात्र मागे झुकलं की भार शेपटांवर जातो, पुढची टोकं हलकी होतात, वळणं आणि थांबणं दोन्ही हातचं जातं आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो. पहिल्या दिवशीच्या बहुतेक आपट्या याच चक्रातून येतात.

थांबायचं ते स्नो-प्लाऊने. पुढची टोकं वीतभर अंतरावर, टाचा बाहेर ढकललेल्या, दोन्ही स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुतलेल्या. टाचा जितक्या बाहेर, तितका वेग कमी. टोकं एकमेकांवर चढली की तोंडावर पडायचं. वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं त्याच्या उलट पायावर भार, म्हणजे डावीकडे जायला उजवा पाय. हे वाचायला सोपं आहे. शरीराला ते अर्धा दिवस पटत नाही. पडणं अटळ दिसलं तर बाजूला, डोंगराच्या अंगाला बसावं, हात मागे टेकू नयेत. पोल मुठीत असतानाच हात टेकला की अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला जाऊन त्याचा सांधा दुखावतो. म्हणून काही इन्स्ट्रक्टर पहिल्या दिवशी पोल देतच नाहीत आणि ते बरोबर करतात. उठण्याची एकच युक्ती: दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, उताराला आडव्या करायच्या, पाय पोटाशी घ्यायचे आणि मग डोंगराच्या अंगाने हाताने रेटा देऊन वर यायचं. स्की उताराच्या दिशेने असतील तर दहा वेळा उठाल आणि दहा वेळा घसराल. नवख्याचा अर्धा दम या उठण्यातच जातो. चौथा बसतो तो बहुधा इथेच.

आणि इथेच दोस्त मदतीला धावून येतात.

"गुडघं वाकीव! फुडं बघ! आरं फुडं बघ की!" तीन दिशांनी तीन सूचना, त्यातली एक चुकीची. ज्याला आज सकाळी थांबता येऊ लागलं तो दुपारी गुरू होतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी गड्याला जोर चढत असेल, बेबी स्लोपवर, म्हणजे नवख्यांच्या सौम्य उतारावर, त्याच आरोळ्यांनी खांदे ताठ होतात आणि खांदे ताठ झाले की भार मागे जातो. शिकवणं पैसे देऊन परक्याकडूनच घ्यावं. चौघांत दोन इन्स्ट्रक्टर घेतले तर उत्तम, म्हणजे पुढे गेलेल्यांना थांबावं लागत नाही आणि मागच्याला ओझं झाल्यासारखं वाटत नाही. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिचे अनेक दिवसांचे वर्ग असतात. ते नको असतील तर पायथ्याच्या टंगमर्ग भागातले इन्स्ट्रक्टर मिळतात, लहानपणापासून याच उतारांवर वाढलेले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच पट्ट्यातला. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, तो ४५ वा आला होता. इन्स्ट्रक्टर नेमताना तो स्वतः खेळतो किती चांगला याहीपेक्षा नवख्यांना किती वेळ देतो ते विचारावं, आणि पहिला दिवस पूर्ण बेबी स्लोपवर जाईल असं आधीच बोलून घ्यावं. पहिल्याच सकाळी फोटोसाठी गंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर नेऊन सोडणारे सापडतात. तिथून नवखा खाली येतो तो बसून घसरतच.

गुलमर्गचं मैदान २६५० मीटरवर. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, ३०८० मीटरच्या आसपास, आणि दुसरा अफरवाट शिखराच्या खांद्यावर, चार हजारांच्या किंचित खाली. आपलं कोल्हापूर पावणेसहाशे मीटरच्या आत. एका दिवसात एवढं वर गेल्यावर पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप तुटणं स्वाभाविक आहे. एखाद्याला हे जास्त होतं आणि तोच दुसऱ्या दिवशी 'कंटाळा करतोय' ठरतो. शक्य असेल तर श्रीनगरला एक मुक्काम करावा, सकाळी हरीसा, म्हणजे मटणाची काश्मिरी न्याहारी, खावा आणि मग टंगमर्गला गाडी बदलून चेन लावलेल्या गाडीने वर जावं. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी घड्याळ बघून प्यावं. रात्रीच्या बैठकीबद्दल काही बोललं तर वाईट दिसेल, पण पहिल्या दोन रात्री ग्लास बाजूला राहिले तर झोप लागते आणि सकाळी पाय ऐकतात. सामानात कांदा-लसूण मसाल्याची पुडी मात्र असू द्यावी, हॉटेलच्या राजम्यात ती फारच छान बसते. खोलीत बुखारी, म्हणजे काश्मिरी शेगडी, असेल तर खिडकीची फट उघडी ठेवून झोपायचं, कारण बंद खोलीत साठणारा विषारी वायू न दिसताही जीव घेतो. बुटाची लायनर काढून बुखारीपासून हातभर लांब वाळवायची. अगदी जवळ ठेवली तर त्यांचा आकार बिघडतो, बुटातच ठेवली तर सकाळी पाय ओल्या गारठ्यात घालावा लागतो.

कपड्यांवर लोक उगाच जास्त पैसे घालवतात. जाड जॅकेट, पँट, हेल्मेट भाड्याने मिळतं. स्वतःचं न्यायचं ते अंगाला लागणारं: सुती नसलेलं थर्मल, मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे, गॉगल. सुती बनियन घामाने भिजतं आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. जीन्स तर नकोच. माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, ती संध्याकाळी बाजारात फिरायला ठेवावी. ताजा बर्फ अंगावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी जवळजवळ ८० टक्के परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावायचं. ढग आहेत म्हणून गॉगल काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्याची आग होते.

वेगळं व्हायचं ते नीट ठरवून व्हावं. कुणाचं इथलं प्रीपेड सिम असेल तर ते जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, आणि थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. म्हणून भेटायची जागा आणि वेळ सकाळी तोंडीच पक्की हवी. मला विचाराल तर एक वाजता कोंगडोरी. गंडोलाचं तिकीट स्की न घेताही काढता येतं, त्यामुळे ज्याने आज सुट्टी घेतलीय तोही वर येऊन सगळ्यांबरोबर जेवू शकतो. तिकीट ऑनलाइन आधीच काढलेलं असलं तरच, कारण गर्दीच्या दिवसांत ती संपतात. उतारावर थांबायचं ते कडेला आणि आधी थांबलेल्याच्या खालच्या बाजूला, कारण आपण वर थांबायला गेलो आणि थांबता आलं नाही तर दोघे पडतात. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं, हा जगभरचा नियम आहे. चौघांनी उताराच्या मधोमध ओळीत उभं राहून सेल्फी काढणं हा त्या नियमाचा आपला खास भंग. आणि तीन वाजल्यानंतर कुणी 'अजून एकदा' म्हटलं तर बाकीच्यांनी मिळून नाही म्हणायचं. तोवर मांड्या संपलेल्या असतात, उन्हात मऊ झालेला बर्फ सावलीत पुन्हा कडक होतो, आणि थकलेला माणूस पुन्हा टाचेवर जातो.

दोस्तांच्या आग्रहाचं एक टोक याहून गंभीर आहे. अफरवाटवर गंडोलाजवळचा ठरावीक भाग स्की पेट्रोल नावाचं सुरक्षा पथक तपासून खुला करतं. त्याच्या पलीकडचा डोंगर ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे जो उतार बघून चांगल्या स्कीअरला हुरूप येतो नेमका त्यावर. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षणार्थींवर हिमकडा कोसळला आणि १७ जवान गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवाटच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. अमेरिकेतल्या इयान मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ हिमस्खलन अपघात तपासले. त्यांना दिसलं ते असं की धोक्याच्या खुणा समोर असूनही लोक पुढे जातात त्यामागे ओळखीची जागा, आधीच ठरवून टाकलेला बेत, पुढे चालणाऱ्यावरचा आंधळा भरवसा आणि दुसऱ्यांच्या नजरेत भरायची हौस ही कारणं असतात. हे वाचताना आपल्या पेठेतला कुठलाही कट्टा डोळ्यांपुढे येतो. "चल की भावा, काय होत न्हाई" या सहा शब्दांवर आपल्या किती सहली चालतात! बेबी स्लोपवर त्यांची किंमत एक दुखरं ढुंगण. वर गेलं की हिशोब वेगळा. बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं तिन्ही प्रत्येकाकडे आणि ती वापरायचा सराव नसेल, तर खुल्या भागाच्या दोरीपलीकडे जाऊ नये. ज्याला जायचं नाही त्याने एकदा नाही म्हटलं की विषय संपला पाहिजे.

तयारी मात्र कोल्हापुरात फुकट होते. दीड महिना आधी बैठका सुरू कराव्यात, मोजून नको, सावकाश खाली जाऊन. भिंतीला पाठ लावून खुर्ची न घेता खुर्चीत बसल्याचा पवित्रा मिनिटभर. ज्योतिबाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त उपयोग, कारण स्कीवर मांडीला वजन उचलायचं नसतं, वजन रोखून धरत खाली यायचं असतं आणि तो जोर वेगळा. ज्याचा गुडघा आधीच बोलतोय त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात, तेही वाचून घ्यावं.

तारखांचं म्हणाल तर आपले लोक नाताळच्या सुट्टीला चिकटून बसतात. चिल्ला-ए-कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा काळ, सुरू होतो २१ डिसेंबरला, पण त्या तारखेला बर्फ पडलाच पाहिजे असा काही करार नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ संपेपर्यंत गुलमर्गची मैदानं पिवळ्या गवताची होती. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. त्यामुळे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरलेला बरा. दिवस थोडा मोठा असतो, बर्फ पडायचा तर तोवर पडलेला असतो, हॉटेलंही नाताळच्या भावाने बोलत नाहीत. बर्फ जास्त झाला तर मात्र श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि टंगमर्गचा रस्ता तासन्‌तास बंद राहतो. सोमवारी कामावर हजर व्हायचंच असेल तर शुक्रवारचं विमान धरा.